रोह्याला चढणारे तिघे

पेणमध्ये नीलकंठराव ज्या आळीत राहत, तिथल्या कुणालाही लांबच्या गाडीचं तिकीट काढायचं असलं की आधी त्यांच्या घरी चहा प्यावा लागे. चहाला नाही म्हणता येई, व्याख्यानाला नाही. उभी हयात शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. समोर कुणी बसलेलं दिसलं की हातात खडू नसला तरी बोटं हवेत चालू लागायची. "स्लीपरचा डबा म्हणजे आठाचा पाढा," ते सुरू करीत. "बर्थच्या नंबराला आठाने भागा. बाकी एक किंवा चार उरली की खालचा. दोन किंवा पाच, मधला. तीन किंवा सहा, वरचा. सात उरले तर बाजूचा खालचा, आणि काहीच उरलं नाही तर बाजूचा वरचा. संपलं." माणसं माना डोलवत आणि घरी जाऊन मोबाइलवर बघत. मोबाइल हे सगळं भागाकार न करता सांगतो. नीलकंठरावांना ते ठाऊक होतं आणि मुळीच मान्य नव्हतं. आपला डबा कुठे येणार हे यंत्राला विचारून जो जातो तो प्रवासी नव्हे, पार्सल, असं ते म्हणत.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला मंगळुरात मुलगी झाली. इशिता आणि तिचा नवरा जितेश दोघंही तिथे एकाच कंपनीत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यावर सगळंच तिकडे झालं. आता बारसंही तिकडेच होतं. त्यासाठी पेणहून नीलकंठराव आणि त्यांची बायको वृंदाताई निघणार होते, आणि रोह्याच्या अलीकडच्या निडीहून व्याही गोविंदा, विहीण सरूबाई आणि जितेशची धाकटी बहीण निशिगंधा. बारशाला आजी-आजोबा नसले तर एक वेळ चालतं, आत्या नसून चालत नाही. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं, आणि ते सांगताना बाकीच्या बायकांकडून पाठीत बुक्केही तिनेच खायचे. निशिगंधाने 'ईरा' हे नाव स्वतः निवडलं होतं आणि ते कुणालाही, अगदी आईलाही, सांगितलं नव्हतं. फक्त इशिताला कळलं होतं. रोह्याच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. रजा मिळावी म्हणून तिने लागोपाठ दोन-दोन शिफ्ट केल्या, आणि उरलेल्या वेळात झबलं-टोपडं शिवलं.

पाचही तिकिटं अर्थात नीलकंठरावांनी काढली. पेणला आणि रोह्याला, दोन्हीकडे थांबणाऱ्या लांबच्या गाड्या त्या कितीशा. त्यातली संध्याकाळची एक त्यांनी निवडली. एस-तीन, तेहतीस ते सदतीस. तेहतीस आणि छत्तीस खालचे. त्यातला एक सरूबाईंना, कारण त्यांचा गुडघा धरलेला असे. इथवर सगळं चोख होतं, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यायचं कारण नाही.

दोष पुढे आहे, आणि तो समजायला वडखळपर्यंत मागे जावं लागतं. इशिता-जितेशचं लग्न रोह्याला झालं तेव्हा पेणहून निघालेल्या वऱ्हाडाच्या बसमध्ये नीलकंठराव ड्रायव्हरशेजारी बसले होते. वडखळला नव्या रस्त्याचं काम चाललेलं, खुणा सगळ्या हललेल्या. ड्रायव्हर म्हणाला, विचारू का कुणाला? नीलकंठराव म्हणाले, मी असताना? आणि अख्खं वऱ्हाड अलिबागच्या रस्त्याला लागलं. पोयनाडच्या पाट्या दिसायला लागल्यावर बसमधली एक म्हातारी म्हणाली, अगो, हे कुठं आणलं. नवरीकडची मंडळी उशिरा पोचली, आणि गोविंदाने मांडवात ती गोष्ट ज्याला त्याला सांगितली. "व्याही वऱ्हाड घेऊन समुद्रावर निगाले व्हते," असं म्हणून तो खदाखदा हसला. त्यात वाकडं काही नव्हतं. आपल्या माणसाची चेष्टा करतात तशी ती होती. पण भाताची आणि वालाची शेती करणाऱ्या, ज्याच्या घरी मुलगी द्यायला आपलं मन मुश्किलीने तयार झालं होतं अशा माणसाने भूगोलाच्या मास्तरांना रस्त्यावरून हसावं, हे नीलकंठरावांना तिथेच लागलं. ते कुणाला बोलले नाहीत. पोटात ठेवलं आणि जपलं.

म्हणून निघायच्या आधी त्यांनी निडीला फोन केला तेव्हा आवाजात जरा मास्तरकी जास्तच होती. "रोह्याला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, गोविंदराव. नीट ऐका. स्लीपरचे डबे शेवटाकडे असतात. तुम्ही प्लॅटफॉर्मच्या दिव्याकडच्या, म्हणजे मुंबईकडच्या, टोकाला उभं राहायचं. दिव्याकडच्या. माणगावकडच्या नव्हे."

"व्हय. दिव्याकडच्या," गोविंदा म्हणाला. "आनि नायच सापडला, तर कुठल्याबी डब्यात चढू की आमी. मग आतनं चालत येऊ. दिवा गाडीला आमी तसंच करतो."

"ही तुमची दिव्याची पॅसेंजर नाही," नीलकंठराव म्हणाले, "रुमाल टाकला आणि जागा धरली, असं इथे चालत नाही. मध्ये एसीचे डबे असतात, आतून जाता येत नाही, टीसी पुढच्या स्टेशनावर उतरवून देतो. चारचौघांत शोभा होईल. मी सांगतो तिथेच उभं राहायचं, आणि आपल्याच डब्यात चढायचं. दुसऱ्या डब्याच्या दांडीला हातसुद्धा लावायचा नाही."

"नाय लावत. तुमी सांगाल तसं, व्याही," गोविंदा म्हणाला.

फोन ठेवल्यावर वृंदाताई म्हणाल्या, "लहान पोरं आहेत का ती, असं बोलायला?" नीलकंठरावांना मात्र फार दिवसांनी बरं वाटलं होतं.

निघायच्या दिवशी पेणच्या प्लॅटफॉर्मवर ते दोघं बरोबर मागच्या टोकाला उभे होते. सोबत दोन बॅगा, पोह्याच्या पापडांचा डबा आणि घडीचा पाळणा. गाडी आली. इंजिनाच्या मागोमाग त्यांच्यासमोरून सरकत गेले ते एस-एक, एस-दोन, एस-तीन, आणि पुढे जाऊन पार दुसऱ्या टोकाला थांबले. डब्यांचा क्रम मध्यंतरी बदलला होता. मोबाइलवर ते दिसत होतं, स्टेशनावरच्या पाटीवरही लागलं होतं, लाउडस्पीकरवरची बाई तर दोनदा सांगत होती. पण नीलकंठराव त्या वेळी वृंदाताईंना आठाचा पाढा समजावत होते.

दोघं धावले. पाळणा मध्येच उघडला आणि त्याच्या दांड्या पायात आल्या. एस-तीनच्या दारातल्या एका माणसाने वृंदाताईंना दंडाला धरून वर ओढलं, नीलकंठराव मागून कसेबसे चढले, आणि गाडी हलली. तेहतीस नंबरवर बसून वृंदाताई किती तरी वेळ नुसत्या धापा टाकत होत्या. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य त्या बोलल्या ते हे: "अहो, रोह्याला फोन करा आधी. ती माणसं तिकडे मागे उभी राहतील."

"करतो ना," नीलकंठराव म्हणाले.

इथे रेंज नीट नाही असं म्हणून ते फोन घेऊन दाराकडे गेले. रेंज होती. हे पुढे त्यांना स्वतःशीच कित्येकदा कबूल करावं लागलं, रेंज चांगली होती. गोविंदाचं नाव पडद्यावर आलं होतं आणि अंगठा त्याच्यावर होता. फक्त एवढंच बोलायचं होतं: गोविंदराव, माझं चुकलं, डबा पुढे आहे, माणगावकडे उभे राहा. एका श्वासात होण्यासारखं. पण त्या पहिल्या दोन शब्दांनंतर पलीकडून येणारं हसू त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागलं. उद्या बारशात ते मंगळुरी लोकांसमोर पुन्हा ऐकू येणार होतं. व्याह्यांनी आधी वऱ्हाड समुद्रावर नेलं, आता डबाच उलटा सांगितला. मग त्यांच्या मनाने वकिली सुरू केली. रोह्याला पाटी असतेच. घोषणा होतेच. निशिगंधा शिकलेली आहे, तिच्याकडे मोबाइल आहे. ती काय डोळे मिटून उभी राहणार आहे? आपण नाही सांगितलं तरी त्यांना कळणारच, आणि कळणारच असेल तर सांगायचं कशाला? असं म्हणून त्यांनी अंगठा बाजूला घेतला आणि फोन खिशात ठेवला.

परत आल्यावर वृंदाताईंनी विचारलं, "लागला?"

"लागला. सांगितलं," नीलकंठराव म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते बायकोशी असं सरळ तोंडावर खोटं बोलले नव्हते. फुशारक्या मारल्या होत्या, त्या वेगळ्या. वृंदाताईंनी निश्चिंत होऊन पाण्याची बाटली उघडली, आणि नीलकंठराव खिडकीबाहेर बघू लागले.

नागोठणं मागे पडलं. निडी आलं. तिथे ही गाडी थांबत नाही. रुळांच्या पलीकडे शेतांच्या कडेला गोविंदाचं कौलारू घर दिसलं. पडवीत कुणी नव्हतं, दाराला कुलूप असणार. वृंदाताई म्हणाल्या, "बघा, निघालीसुद्धा ती." तेवढ्यात नीलकंठरावांचा फोन वाजला. पडद्यावर निशिगंधाचं नाव.

तो उचलला असता तर अजूनही सगळं निभावलं असतं. पण वृंदाताई समोर बसलेल्या. उचलला की मघाशी फोन केलाच नव्हता हे उघडं पडणार. एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात, ते नुसतं पोथीतलं नाही. नीलकंठरावांनी बाजूचं बटण दाबलं, आवाज बंद झाला, नाव पडद्यावर तसंच थरथरत राहिलं.

"कोण हो?"

"कुणी नाही. ते कर्ज हवंय का विचारणारे."

नाव विझलं. पुन्हा आलं, पुन्हा विझलं. नीलकंठरावांनी फोन उपडा करून मांडीखाली ठेवला.

रोहा आलं तेव्हा ते दारात उभे होते. गाडी दिव्याकडच्या टोकाने प्लॅटफॉर्मात शिरली, आणि शिरताच त्यांना ते तिघं दिसले. सांगितलं होतं अगदी तिथेच. गोविंदाने लग्नातला पांढरा शर्ट घातला होता, पायाशी वालाची गोणी, बगलेत पिशव्या. सरूबाईंच्या डोक्याला अबोलीची वेणी होती. एस-तीन त्यांच्यासमोरून हाताच्या अंतरावरून गेला. गोविंदाला दारात व्याही दिसले आणि त्याने तोंडभर हसून हात वर केला. त्याला वाटलं डबा आता थांबेलच. डबा थांबला नाही. हसू तसंच राहिलं आणि हात हळूहळू खाली आला.

"पुढे या," नीलकंठराव ओरडले. "पुढे, पुढे."

ते तिघं धावायला लागले. लांबचलांब प्लॅटफॉर्म, खांद्यावर गोणी, सरूबाईंचा गुडघा. गाडी थांबली तेव्हा अर्धं अंतरही झालं नव्हतं. त्यांच्या बाजूने एकामागून एक उघडी दारं होती, दारांत माणसं होती, एकाने तर वाकून हातही पुढे केला. कुठल्याही दारातून तिघं सुखाने चढली असती. जन्मभर दिवा गाडीला जशी चढली तशी. पण ती एकेक दार सोडून पुढे धावत होती. नीलकंठरावांना हे सगळं दिसत होतं, आणि का सोडताहेत हेही कळत होतं. "चढा, कुठेही चढा," असं ते आता जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण मध्ये डबेच डबे होते आणि चहावाल्यांचा कालवा. गाडी हलली. निशिगंधा सगळ्यांत पुढे होती. तिने एका एसीच्या डब्याची दांडी धरली, मागे वळून आईकडे बघितलं आणि दांडी सोडली. सरूबाई खाली बसल्या होत्या. गोविंदा गोणी टाकून त्यांच्याकडे वळला. मग प्लॅटफॉर्म संपला.

वृंदाताई मागे येऊन उभ्या होत्या. "तुम्ही सांगितलं होतंत ना त्यांना?" त्यांनी विचारलं. हे तोंडातून कसं निघालं ते नीलकंठरावांना नंतरही उमगलं नाही, पण निघालं. "सांगितलं होतं. त्यांना समजलं नसेल."

थोड्या वेळाने गोविंदाचा फोन आला. वृंदाताई शेजारीच होत्या, तेव्हा घ्यावाच लागला. "व्याही, आमी राह्यलो," गोविंदा म्हणाला. "सरूला लागलंय जरा, पन चालतीये. तुमी व्हा पुढं. पहाटे एक गाडी हाय म्हनतात, तिला येतो जनरलनं."

"अहो, नीट बघायला हवं होतं ना," नीलकंठराव वृंदाताईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

मग गोविंदा म्हणाला, "व्हय."

टीसी आला. चौतीस, पस्तीस, छत्तीस? "चढले नाहीत," नीलकंठरावांनी सांगितलं. टीसीने ती नावं खोडली आणि तिथे दुसरी माणसं आली. छत्तीस नंबरवर, सरूबाईंच्या गुडघ्यासाठी म्हणून मुद्दाम घेतलेल्या खालच्या बर्थवर, एक लठ्ठ गृहस्थ चादर पसरून आडवे झाले आणि त्यांनी नीलकंठरावांना विचारलं, तुमची माणसं राहिली का हो? नीलकंठरावांनी मधल्या बर्थवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

मंगळुरात बारशाचा हॉल दुपारपर्यंतच मिळाला होता. कंपनीतली माणसं आली होती, जेवणं वाढायची होती, थांबून थांबून किती थांबणार. पाळणा सजला. जितेशने बहिणीला फोन लावला आणि म्हणाला, फोनवरच सांग नाव, मी बाळाच्या कानाला लावतो. सगळे हसले, सगळ्यांना कल्पना आवडली. निशिगंधा जनरल डब्यात दाराशी उभी होती. मागून लोकांचा गलका आणि रुळांचा खडखडाट ऐकू येत होता. "थांब हां, दादा," ती म्हणाली, घसा खाकरला, "कुर्र" म्हणाली, आणि गाडी कारवारच्या बाजूला कुठल्याशा बोगद्यात शिरली. फोन मुका झाला. पुन्हा लावला, लागला नाही. बाळ रडायला लागलं. शेवटी इशिताने तिच्या शेजारणीला, भूमिकाला, पुढे बोलावलं आणि तिच्या कानात नाव सांगितलं. भूमिकाने ते बाळाच्या कानात सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत हौसेने बुक्के मारले, टाळ्या झाल्या. ईरा.

"आमच्या बाबांचं असंच," जितेश पाहुण्यांना सांगत होता. "जन्म गेला दिवा गाडीत. रिझर्वेशनचा डबा कधी बघितलाय? सासऱ्यांनी दोन-दोनदा फोन करून समजावलं, तरी भलत्याच टोकाला उभे." माणसं हसली. इशिताही हसली, पण डोळे पुसत. नीलकंठरावांच्या हातात कुणीतरी पेढा ठेवला होता. तो त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. आपल्याला कुणी हसू नये म्हणून जे टाळलं ते सगळं हसू इथे त्या माणसाच्या वाट्याला चाललं होतं, आणि तो इथे नव्हतासुद्धा. मान वर करावीशी वाटेना. खरं बोलायचं तर हीच वेळ होती, हे त्यांना कळत होतं. ते पाणी प्यायला गेले.

तिघं आली ती संध्याकाळी. पांढऱ्या शर्टाचा रंग गेला होता. सरूबाईंच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं, वेणी सुकून केसांत अडकलेली. वालाची गोणी मात्र शाबूत होती. निशिगंधाने हातपाय धुतले, झोपलेल्या बाळाजवळ बसली आणि खाली वाकून तिने तेच नाव पुन्हा एकदा तिच्या कानात सांगितलं. बुक्के मारायला आता कुणी नव्हतं. सरूबाईंनी पुढे होऊन तिच्या पाठीत एकच बुक्का मारला, हलका. मग त्या मायलेकी एकमेकींकडे बघेनात.

चहा झाला आणि वृंदाताईंना राहवलं नाही. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्या कळवळून म्हणाल्या, "पण गोविंदराव, यांनी पेणहून निघाल्या-निघाल्या तुम्हाला फोन केला होता ना? डबा पुढे आहे म्हणून?"

खोलीत जितेश होता, इशिता होती, निशिगंधा होती. निशिगंधाने मान वर केली आणि तोंड उघडलं. गोविंदाने चहाची बशी खाली ठेवली. त्याने नीलकंठरावांकडे बघितलं. नीलकंठरावांना ती नजर झेपली नाही. त्यांनी फरशीकडे बघितलं, फरशीवर बाळाचा एक मोजा पडला होता, त्याकडे बघत राहिले.

"व्हय," गोविंदा म्हणाला. "केला व्हता की. आमालाच उमजला नाय."

निशिगंधाने तोंड मिटलं आणि उठून आत गेली.

"बघा," वृंदाताई सरूबाईंना म्हणाल्या, "मी म्हटलंच, हे विसरायचे नाहीत." सरूबाई गुडघ्याचं फडकं सोडून पुन्हा बांधू लागल्या.

शाळेत नीलकंठरावांनी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं होतं. बाकावर उभं राहणं बरं, असं त्यांना वाटलं. तिथे निदान सगळ्यांना ठाऊक असतं का उभा आहे ते.

गोविंदा गॅलरीत जाऊन उभा राहिला, तसे ते मागोमाग गेले. खाली नारळाची झाडं होती आणि वाहनांचा आवाज. "गोविंदराव," ते म्हणाले, "मी फोन केला नव्हता."

"ते ठावं हाय मला," गोविंदा म्हणाला. "फोन माज्याच खिशात व्हता ना."

"मला पेणलाच कळलं होतं. डबा पुढे आहे ते."

गोविंदा कठड्यावर हात ठेवून खाली बघत होता. "निशी मला म्हनत व्हती," तो म्हणाला, "बाबा, पाटीवर एस-तीन पुढं दाखवतायत. बाईबी बोलतीये तसंच. मी म्हनलं, पाटी काय, मशीन हाय. व्याही सोता त्या गाडीत बसलेत. बदल आसता तर त्यानी फोन केला आसता. तरी तिनं तुमाला लावला. दोनदा लावला. नाय उचलला, तवा मी म्हनलं, बघ, उचलत नाय म्हंजे सांगितलंय तेच बराबर आसंल." मग त्याने मान वळवली. "तिचा फोन दिसला व्हता तुमाला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. बोगदा, रेंज, झोप, काहीही चाललं असतं. नीलकंठराव म्हणाले, "दिसला होता."

गोविंदाने मान हलवली. तो रागावला असता, ओरडला असता, तर नीलकंठरावांना हायसं वाटलं असतं. त्याचा चेहरा फक्त एकदम थकल्यासारखा झाला, दिवसभराचा जनरल डबा आत्ता कुठे अंगावर आल्यासारखा. "मला वाटलं, दिसला नसंल," तो म्हणाला.

"मी आत जाऊन सांगतो," नीलकंठराव म्हणाले. "सगळ्यांना सांगतो. आत्ता."

"नको." गोविंदा ठामपणे म्हणाला. "तुमी बोलून मोकळं व्हाल. पन पोरगी बाळंतीन हाय. तिनं बापाबद्दल ह्ये आयकायचं, आनि मग माज्या घरात मान खाली घालून वावरायचं? आमच्या निशीला मी सांगतो काय सांगायचं ते. तुमी काय बोलू नका." असं म्हणून तो आत गेला आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज आला, नातीशी बोलत होता. नीलकंठराव गॅलरीतच राहिले. आतून वृंदाताईंनी दोनदा हाक मारली तेव्हा ते गेले.

परतीची तिकिटंही त्यांनीच काढलेली होती, पाचही एकत्र, एस-पाचमध्ये. मंगळूरच्या स्टेशनावर जितेश सगळ्यांना सोडायला आला. गाडी लागायची होती. नीलकंठरावांनी ह्या वेळी पाटी वाचली होती, मोबाइलवर बघितलं होतं, एका हमालाला विचारून खात्रीही केली होती. डबा कुठे येणार हे त्यांना अगदी नक्की माहीत होतं, आणि कुणी विचारलं तर सांगायला ते तयार होऊन उभे होते. गोविंदा जवळच होता. त्याने सरूबाईंना बाकावर बसवलं, नीलकंठरावांची जड बॅगही न सांगता उचलून आपल्या पिशव्यांशेजारी लावली आणि "बसा, व्याही, उबे नका राहू," असं आदराने म्हणाला. मग तो चार पावलं पुढे गेला आणि केळी विकणाऱ्या एका बाईला, जिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, हाताची पाच बोटं दाखवून विचारू लागला, एस-पाच कुठे येतो.